सशाचं वजन, खाणं आणि तळवे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात ससे येऊन अकरा वर्षं झाली. त्यातले बरेचसे "आता आमच्याच्यानं होत नाही" म्हणून कुणी ना कुणी आणून दिलेले. त्यामुळे ओळखीतून, ओळखीच्यांच्या ओळखीतून प्रश्न येत राहतात, आणि दहांतले आठ तेच असतात. ते इथे एकत्र केलेत. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांकडे कधी पळायचं ते त्या त्या उत्तरात लिहिलंय.

प्रश्न वजनाचा असो की खाण्याचा, मी उलट एकच गोष्ट मागते: मागच्या पायांच्या तळव्यांचा फोटो. का ते प्रश्न ९ मध्ये.

१. सशाचं वजन नेमकं किती असायला हवं?

जात कळल्याशिवाय आकडा सांगता येत नाही. नेदरलँड ड्वार्फ किलोभराचा असतो, डच दोन-अडीच किलोचा. आपल्याकडे सर्रास मिळणारा लाल डोळ्यांचा पांढराशुभ्र ससा बहुतेक वेळा न्यूझीलंड व्हाइट किंवा त्याचा संकर. ही मुळात मांसासाठी वाढवलेली जात, पूर्ण वाढ झाली की चार ते पाच किलो. "दुकानदार म्हणाला होता, एवढाच राहील" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही.

म्हणजे चार किलोचा ससा सडपातळ असू शकतो आणि पावणेदोन किलोचा लठ्ठ. ससा वर्षाचा झाला, बरगड्या हाताला नीट लागल्या (पुढचा प्रश्न पाहा), की त्या दिवशीचं वजन लिहून ठेवा. तोच त्याचा आकडा. इंटरनेटवरचे तक्ते विसरा.

२. लठ्ठ आहे की नुसता गुबगुबीत? आणि घरी वजन करायचं कसं?

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, केसांखाली सगळं लपतं. बरगड्यांवरून बोटं हलकेच फिरवा. मटारच्या शेंगेवरून बोट फिरवल्यावर आतले दाणे लागतात, तशा बरगड्या लागल्या तर उत्तम. दाबल्याशिवाय लागत नसतील तर चरबी आहे. पाठीचा कणा करवतीसारखा टोचला तर ससा खंगतोय.

मादीच्या गळ्याखाली मऊ घडी लोंबते ती बऱ्याचदा नैसर्गिक असते. तिच्यावरून लठ्ठपणा ठरवू नका. मात्र ती इतकी वाढली असेल की मान वळवून स्वतःला चाटता येत नाही, तर वजन जास्तच आहे.

वजनासाठी भाजीची टोपली स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, टोपलीत फडकं घालून ससा बसवा. काटा लहान पडत असेल तर प्रवासाची बॅग मोजायचा हुकाचा काटा आणि कापडी पिशवी. सशाला उचलून स्वतः वजनकाट्यावर उभं राहायची पद्धत नको. त्यात शे-दोनशे ग्रॅमची चूक सहज होते, आणि दोन किलोच्या सशात ती पाच-दहा टक्के झाली. दर रविवारी, सकाळच्या खाण्याआधी. आमच्याकडे कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली सशांची वजनं लिहिलेली असतात.

३. दिवसभरात काय आणि किती द्यायचं?

वाळलेलं गवत, अमर्याद. बाकी सगळं त्याच्या मागून. खाण्याचा साधारण ऐंशी टक्के भाग गवताचा हवा, म्हणजे रोज सशाच्या अंगाएवढा ढीग. याला दोन कारणं. दात आयुष्यभर वाढतात, समोरचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर, आणि ते झिजतात गवत चावूनच. दुसरं म्हणजे आतड्याची हालचाल जाडसर तंतूंवर चालते. तंतू थांबले की पोट थांबतं.

त्याखालोखाल किलोमागे एक मोठी वाटी पालेभाजी: कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, फ्लॉवरची बाहेरची पानं, थोडी मेथी. पालक कधीमधी. रोज दोन-तीन प्रकार फिरवून द्या, आणि धुवून. कांदा, लसूण, पातीचा कांदा, बटाटा अजिबात नाही.

पेलेट, म्हणजे दाबून बनवलेल्या खाद्याच्या गोळ्या, मोठ्या सशाला किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त पंचवीस ग्रॅम. मी त्याहून कमीच देते. पाकिटावर तंतूंचं प्रमाण अठरा टक्क्यांहून अधिक आहे ना ते बघा. कोंबडीखाद्याच्या दुकानात सुटं मिळणारं "सशाचं खाद्य" फार्मवरच्या पिल्लांचं वजन झटपट वाढावं म्हणून बनवलेलं असतं, आणि ते काम ते चोख करतं. बिया, मक्याचे दाणे, रंगीत तुकडे असलेलं मिश्रण तर घेऊच नका. ससा त्यातलं गोड तेवढं वेचून खातो.

पाणी चोवीस तास. बाटलीपेक्षा जड मातीचं किंवा चिनी मातीचं भांडं बरं, ससे त्यातून जास्त पाणी पितात.

हे सगळं सहा-सात महिन्यांपुढच्या सशाचं. पिल्लांना पेलेट आणि लसूणघास (लुसर्न, गुरांचा चारा; लसणाशी संबंध नाही) मोकळेपणानं चालतं. गाईचं दूध मात्र पाजू नका.

४. टिमोथीचं पाकीट परवडत नाही. कडबा, लसूणघास, पेंढा चालेल का?

टिमोथी परदेशी गवत आहे, त्यात जादू नाही. आपलं कुठलंही बारीक पानांचं, नीट वाळलेलं गवत चालतं. हराळी, म्हणजेच दूर्वा, सशांना फार आवडते. गावाकडे कुणी असेल तर मारवेल किंवा पवना फुलोऱ्याच्या सुमारास कापून सावलीत वाळवून पाठवायला सांगा. हातात चुरगळल्यावर सळसळलं पाहिजे आणि गोड वास आला पाहिजे. कुबट वास, काळे-पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. टाकून द्या.

लसूणघास मोठ्या सशाला रोज नको. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही जास्त. भाताचा पेंढा अंथरायला छान, खायला निकस. कडब्याची वाळलेली पानं चघळायला ठीक, पण तेवढ्यावर भागत नाही, आणि कोवळी हिरवी ज्वारी तर कधीच नको. ती गुरांनाही विषारी ठरते.

आणि कुसळी गवतापासून लांब राहा. दिवाळीनंतर माळावर चालल्यावर सॉक्समध्ये घुसतात ती कुसळं सशाच्या हिरडीत आणि पंज्यात तशीच घुसतात.

गणपतीत दूर्वांच्या जुड्या घ्याल तर सशासाठी एक जास्त घ्या आणि धुवून द्या. मूर्तीवरून उतरवलेल्या, हळद-कुंकू लागलेल्या नकोत.

५. गाजर देऊ नका म्हणता? ससे गाजरच खातात ना?

चित्रात. गाजरात साखर बरीच असते. नखाएवढा तुकडा, आठवड्यातून दोनदा, बक्षीस म्हणून. फळांचंही तेच. गाजराचा पाला मात्र रोज द्या, भाजीवाले फुकट देतात.

६. घरातले मोठे पोळी, बिस्किट, भिजवलेले हरभरे देतात. थोडं दिलं तर काय होतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक सुनांकडून येतो.

पिठाचा आणि साखरेचा पदार्थ सशाच्या आंधळ्या आतड्यात (मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीत) जाऊन कुजतो. तिथले उपयोगी जंतू मरतात, गॅस धरणारे माजतात. सशाला उलटी करता येत नाही, म्हणजे आत गेलेलं परत यायची सोय नाही. हरभऱ्याचंही असंच. बैलाला, घोड्याला चालतो म्हणून सशाला चालत नाही. आणि वजनाचा हिशेब बघा: दोन किलोच्या सशाला दिलेलं एक ग्लुकोज बिस्किट म्हणजे साठ किलोच्या माणसानं एका बैठकीत तीस खाण्यासारखं.

आमचा ढबू यावरच वाढला. सासूबाई पोथी वाचायला बसल्या की तो मांडीला नाक लावायचा आणि त्या डब्यातून अर्धं बिस्किट काढायच्या. मला वाटायचं, रोज अर्धंच तर आहे. ते अर्धं दिवसातून पाचदा होतं हे मला वर्षानं कळलं. बंदी घातली असती तर घरात अबोला झाला असता. मी डबा तोच ठेवला आणि त्यात गाजराच्या पाल्याचे वाळवलेले तुकडे भरले. ढबू त्यासाठीही तितक्याच लगबगीनं यायला लागला. त्याला बिस्किटापेक्षा सासूबाई हव्या होत्या, असं माझं मत.

७. वजन उतरवायचंय. एक वेळ उपाशी ठेवू का?

मुळीच नाही. या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. उपवास सशाला मारू शकतो, आणि लठ्ठ सशाला आधी. पोट रिकामं राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि यकृत निकामी होतं. बारा तास ससा खात नसेल किंवा लेंड्या पडत नसतील तर ती इमर्जन्सी आहे. रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा.

वजन उतरवायचा रस्ता कंटाळवाणा आहे. गोड आणि पीठ आजपासून बंद. पेलेट दोन-तीन आठवड्यांत हळूहळू निम्म्यावर आणा. गवत वाढवा. तीन किलोच्या सशात आठवड्याला तीस ते पन्नास ग्रॅम उतरले तर वेग बरोबर आहे. त्याहून झपाट्यानं उतरत असेल तर थांबा आणि दात, पोट तपासून घ्या.

जोडीला पळायला जागा हवी. पिंजऱ्यात बसून कुणीच बारीक होत नाही. पेलेट वाटीत देण्याऐवजी गवतात विखरून द्या, शोधण्यात तासभर जातो. दोन ससे असून एकच लठ्ठ असेल तरी वेगळे ठेवू नका, जोडी तुटते. पेलेट तेवढे समोर बसून वेगवेगळे खायला घाला.

८. गवताला तोंडच लावत नाही, आणि शेपटीखाली चिकटलेलं असतं. जुलाब झालेत का?

बहुतेक वेळा जुलाब नसतात. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. एक कोरड्या, गोल. दुसऱ्या मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या छोट्या घोसासारख्या. त्या तो थेट गुदाशी तोंड नेऊन खातो, बहुधा रात्री किंवा पहाटे. किळस वाटू देऊ नका, जीवनसत्त्वं आणि प्रथिनं त्यातूनच मिळतात. ससा लठ्ठ असेल तर तोंड तिथवर पोचत नाही. पेलेट जास्त असतील तर त्या लेंड्या सैल होतात आणि राहतात. दोन्हीत त्या केसांना चिकटतात. पेलेट कमी केले की ससा गवताकडे वळतो आणि हेही थांबतं.

गवत बदलूनही पाहा, टांगून द्या, शू-शीच्या ट्रेशेजारी ठेवा. ससे तिथे बसून खातात. पण पूर्वी खाणारा ससा अचानक गवत सोडत असेल, घास उचलून टाकत असेल किंवा हनुवटी ओली दिसत असेल तर ते दातांचं दुखणं आहे, नखरे नव्हेत.

खरे जुलाब पाण्यासारखे असतात. त्यात, विशेषतः पिल्लांत, तासांचा हिशेब असतो. लगेच न्या.

९. मागच्या तळव्यावर टक्कल पडलंय. काळजीचं आहे का?

आता तळव्यांकडे येऊ. कुत्र्या-मांजराच्या पंज्याखाली असते तशी गादी सशाला नसते. त्याच्याकडे दाट केसांचा थर असतो, तेवढाच. मऊ मातीत आणि गवतात तो पुरतो. विट्रिफाइड टाइल्सवर, त्यातही अंगावर अर्धा किलो चरबी घेऊन, पुरत नाही. केस झिजतात, कातडी फरशीला लागते, दाबानं तिथलं रक्त कमी होतं आणि कातडी मरायला लागते. त्यात शू लागून तळवा ओला राहिला तर जंतूंना दार उघडंच. याला डॉक्टर पोडोडर्माटायटिस म्हणतात, ससेवाले सोअर हॉक्स.

बघायचं कसं? जमिनीवर बसा, सशाची पाठ तुमच्या पोटाला टेकवा, एक हात छातीखाली, दुसऱ्यानं ढुंगणाला आधार देऊन जरा तिरका करा. दुसरं कुणी मदतीला असेल तर सोपं. पाठीवर उताणा पाडू नका, घाबरून लाथ मारताना सशाचा कणा मोडू शकतो. मागच्या पायाच्या टाचेकडचे केस फुंकर मारून बाजूला करा.

चवलीएवढं (जुन्या दोन आण्यांच्या नाण्याएवढं) गुळगुळीत, फिकट गुलाबी टक्कल, सूज नाही, दाबल्यावर पाय ओढत नाही, तर घाबरू नका. अशा कित्येक सशांचं आयुष्य त्यावर जातं. पण अंथरूण आजच बदला (प्रश्न १०). लालबुंद, गरम, कातडी सोलल्यासारखी असेल तर दोन-तीन दिवसांत डॉक्टर. खपली, भेग, पू, सूज, किंवा ससा सारखा पाय बदलून बसतोय, तर त्याच दिवशी. हे हाडापर्यंत जातं, आणि हाडात गेलं की महिनोन्‌महिने चालतं.

ढबूच्या टाचेवरची खपली मला दिसली ती फरशीवर तपकिरी ठिपके दिसले म्हणून. मी ते चहाचे समजून दोन दिवस पुसत होते.

१०. मग खाली अंथरायचं काय?

जाळीच्या तळाचा पिंजरा असेल तर त्यावर आज, आत्ता, काहीतरी सपाट टाका. नुसता वर्तमानपत्राचा कागद नको, घसरतो आणि ओला होऊन चिकटतो.

आमच्याकडे जुन्या साड्यांची गोधडी आहे. तिच्याइतकं चांगलं काही सापडलं नाही: मऊ, धुता येते, घट्ट टाके असल्यानं दोरे सहज सुटत नाहीत. वर पेंढ्याचा जाड थर. जाड सतरंजीही चालते. काथ्याची पायपुसणी नको, ती तळवे खरवडते. ससा कापड कुरतडून गिळत असेल तर कापड काढा आणि नुसता पेंढा वाढवा.

कापडापेक्षा कोरडेपणा महत्त्वाचा. ट्रे रोज बदला. ट्रेमध्येच बसून राहणाऱ्या सशाचे तळवे आधी जातात.

११. नखांचा आणि तळव्यांचा काय संबंध?

नखं वाढली की पंजा पुढून उचलला जातो आणि भार मागे टाचेवर येतो. एकूण नखं अठरा: पुढच्या प्रत्येक पायाला पाच (आतल्या बाजूचं एक वर असतं, ते हमखास विसरतं), मागच्याला चार-चार. चार ते सहा आठवड्यांनी कापा. मोबाइलचा टॉर्च नखामागे धरला की आतली लाल शीर दिसते. तिच्या अलीकडे थांबा. चुकून रक्त आलं तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा.

१२. जखमेवर हळद लावू? घरात अँटिबायोटिक आहे, देऊ का?

दोन्ही नको. हळदीचा लेप केसांत गोळा होऊन खाली ओल धरतो, आणि ससा तो चाटतो. मेडिकलमधल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं, ते सशाला घातक ठरू शकतं. आणि अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन ही माणसांची नेहमीची अँटिबायोटिकं तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मारतात, ससा त्यानं दगावू शकतो. एका दवाखान्यात ढबूला नेमकं हेच लिहून दिलं होतं. तिथे कुत्री-मांजरंच जास्त यायची. मी विचारलं म्हणून वाचलो. तुम्हीही विचारा, डॉक्टरांना राग आला तर येऊ द्या.

डॉक्टरांपर्यंत पोचेतो नॉर्मल सलाईननं धुवा, स्वच्छ कापडानं टिपून कोरडं करा, मऊ अंथरुणावर ठेवा. घट्ट पट्टी बांधू नका.

१३. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वेगळं काय?

तापमान तिशीपलीकडे गेलं की सशाला त्रास होतो आणि खाणं कमी होतं. विदर्भात तर कूलर लागतोच. पण फरशी ओली करून त्यावर ससा बसवायची युक्ती तळव्यांच्या मुळावर येते. त्यापेक्षा बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, कानांवर ओला हात फिरवा. सशाला पाण्यात बुडवू नका.

पावसाळ्यात गवत हवाबंद डब्यात. आणि रोज शेपटीखाली पाहा. तिथे घाण चिकटलेली असेल तर माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या पडतात. अळी दिसली की तडक दवाखाना.

१४. ऑपरेशननंतर ससा जाड होतो का?

होऊ शकतो. नसबंदीनंतर भूक तीच राहते आणि शरीराची गरज मात्र कमी होते. पेलेट पाव भागानं कमी करा. जाड होईल म्हणून मादीचं ऑपरेशन टाळू नका, वय वाढेल तसा मादीत गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका मोठा असतो. ऑपरेशनच्या आदल्या रात्री उपाशी ठेवायला सांगितलं तर पुन्हा विचारा. सशाला तसं ठेवत नाहीत (प्रश्न ७).

१५. आमचा ससा अगदी बारीक आहे, गोधडीवर असतो, तरी तळवे खराब. असं का?

जात बघा. रेक्स सशांच्या तळव्याचे केस मुळातच आखूड आणि विरळ असतात, त्यांना जन्मभर जपावं लागतं. रेक्स नसेल तर वय बघा. म्हाताऱ्या सशाचे सांधे दुखतात, तो उड्या मारत नाही, एकाच जागी टाचेवर भार टाकून बसतो. आणि खंगलेल्या सशाच्या हाडावर मांसच उरत नाही, त्यामुळे तिथेही तेच होतं. अशा वेळी वजन उतरवायचं नसतं, वाढवायचं असतं. सात-आठ वर्षांच्या सशाला पेलेट थोडे वाढवा, पण दात तपासून मगच.

एका पायाचाच तळवा खराब असेल तर दुसऱ्या पायाला काय झालंय ते आधी शोधा. ससा दुखरा पाय वाचवायला चांगल्यावर भार टाकतो.

१६. सशाचे डॉक्टर मिळणार कुठे?

आधी फोन करा आणि सरळ विचारा: "आठवड्यात किती ससे पाहता?" परळ, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आजूबाजूला राहत असाल तर तिथे चौकशी करा. जाताना वजनाची वही, तळव्यांचे तारखेसह फोटो आणि डबीत आजच्या लेंड्या घेऊन जा.

१७. शेतात रानसशाचं पिल्लू सापडलं. त्यालाही हेच खायला घालू?

नाही. तो पाळीव सशाच्या कुळातला असला तरी वेगळाच प्राणी आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला पाळायला बंदी आहे. आई पिल्लाला गवतात ठेवून दिवसभर लांब राहते आणि दूध पाजायला थोडाच वेळ येते. जखम नसेल तर होतं तिथेच ठेवा आणि कुत्रा बांधून घाला. जखमी असेल तर वनविभागाला कळवा.